कालच्यासारखंच आहे, साहेब

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथे मी नेहमी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत आलो. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही ऐकता आहात आणि मला मध्येच अडवत नाही आहात, एवढंच कारण.

बडोद्याच्या लहरीपुऱ्यात माझा दवाखाना आहे. लोक म्हणतात, गुप्ते डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. रोग्याचे हातपाय स्वतः तपासल्याशिवाय मी औषध लिहीत नाही, याचं त्यांना मोठं अप्रूप. ही सवय माझी नव्हे. ती मला थोरल्या डॉक्टरांनी लावली. माझ्याजवळ जे काही बरं आहे ते बहुतेक त्यांच्याकडून आलेलं आहे, हे मी आजही रोज सकाळी आठवतो. आणि त्यांच्याशीच मी — पण थांबा. आधी ते कोण, हे सांगू द्या. नाहीतर मी कबूल करून मोकळा होईन आणि कोणाचं काय गेलं ते तुम्हाला कळणारच नाही.

महाराजांच्या कारकिर्दीतली ती शेवटची वर्षं. मुंबईहून डॉक्टरी शिकून मी बडोद्याला परतलो आणि इथल्या एका इस्पितळात थोरल्या डॉक्टरांचा मदतनीस झालो. ते गुजराती, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलत. फक्त काही नवं दिसलं की त्यांचं भान सुटे आणि ‘जुओ, जुओ!’ म्हणत ते आम्हाला खाटेकडे ओढत. सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी रोग्यांची रांग, आणि यातून उरलेल्या वेळात त्यांना एक नाद होता — कर्करोग माणसाच्या मेंदूचं आणि मज्जातंतूंचं काय करतो, याचा शोध घेण्याचा.

गाठ मेंदूपर्यंत पोचली तर काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक सालस कारकून आमच्याकडे आला होता, तो अखेरीस बायकोला शिव्या देऊ लागला आणि स्वतःचं नाव विसरला. त्याचं कारण समजत होतं. थोरल्या डॉक्टरांचा प्रश्न वेगळाच होता. काही रोग्यांची गाठ छातीत असते, पोटात असते, आणि बधिर होतात ते पाय. मध्ये काहीच सापडत नाही. मग हा निरोप पायांपर्यंत नेला कोणी? त्यांचा तर्क असा, की गाठ स्वतः न जाता रक्तातून काहीतरी पाठवते आणि लांबचे तंतू त्याने हळूहळू मरतात. हळूहळू — हा शब्द महत्त्वाचा. आधी बोटांची टोकं, मग तळवा, मग घोटा. बधिरपणा असा पायरी पायरीने चढतो हे दाखवता आलं, तर पुढेमागे नुसत्या पायांवरून आत लपलेली गाठ वेळेवर ओळखता येईल, असं ते म्हणत. किती जीव वाचले असते? मुंबईचे त्यांचे मित्र हसत. तिथल्या डॉक्टरांच्या सभेत दिवाळीनंतर निबंध वाचायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

या सगळ्याची भिस्त होती सरूबाईंवर. आणि माझ्यावर.

सरूबाई घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या. यजमान सरकारी पागेत जमादार होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. बाईंच्या छातीतली गाठ काढली होती, पण काही महिन्यांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या, म्हणून त्यांना पुन्हा इस्पितळात ठेवून घेतलं होतं. माझं काम एवढंच, की रोज दुपारी त्यांचे डोळे मिटवून पायाला कापूस लावायचा, टाचणी टोचायची, ऊन आणि गार पाण्याच्या नळ्या टेकवायच्या, आणि कुठपर्यंत कळतं ते ठरवायचं. नीट केलं तर तासभर जाई. संध्याकाळी थोरले डॉक्टर खाटेशी उभे राहून विचारत आणि मी सांगे. सुरुवातीला मी ते मन लावून केलं. ते खरंच केलं, एवढं तरी माझ्या पदरात राहू द्या — की नको? नको. तेही नकोच.

श्रावण लागला आणि आमच्या मंडळाच्या गणपतीच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. लहरीपुऱ्यातल्या एका माडीवर, दुपारीच. मी नायिका. हसू नका, तेव्हा मी सडपातळ होतो आणि आवाजही बरा होता. मला त्या भूमिकेचं वेड लागलं होतं. टाळ्या मिळतील, नाव होईल, सारं बडोदं म्हणेल — काय काय मनात येई, आज लाज वाटते. सरूबाईंना मी हे सांगून बसलो. त्या खूश! टाचणी-कापूस बाजूला राहिला आणि त्या मला खाटेवरून नऊवारीतली चाल शिकवू लागल्या. मी दोन खाटांच्या मधून चालून दाखवी आणि त्या पदर तोंडाला लावून हसत.

“अहो डॉक्टर, टाचा काय आपटता? पागेतलं घोडं बरं तुमच्यापेक्षा.”

मग मी घड्याळ बघून पळे. आणि संध्याकाळी थोरल्या डॉक्टरांनी विचारलं की म्हणे, “कालच्यासारखंच आहे, साहेब. बोटांपर्यंतच.”

पहिल्या दिवशी जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी नाही. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे मला कोणी आधी का सांगितलं नव्हतं? सरूबाई तिथेच पडून ऐकत असत. त्यांना ठाऊक होतं, मी पायाला हातही लावलेला नाही. त्या गप्प राहत. मला वाटे, बाई समजूतदार आहेत.

तसा जवळजवळ सारा श्रावण गेला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सरूबाईंनी थोरल्या डॉक्टरांजवळ रजा मागितली. घरी गौरी यायच्या होत्या. नवी सून होती, तिला गौरींचं काही ठाऊक नव्हतं. पावलांवरून गौरी आत आणायच्या, पुरणावरणाचा स्वयंपाक करायचा, हे कोण सांगणार? बाई काकुळतीला आल्या होत्या. थोरले डॉक्टर विचारात पडले. म्हणाले, बधिरपणा बोटांतच असेल तर जायला हरकत नाही. पण वर चढला असेल तर चुलीजवळ जायचं नाही, म्हणजे घरी जायचंच नाही. आणि माझ्याकडे वळून विचारलं, “काय गुप्ते, कुठपर्यंत?”

तिथे मी म्हणू शकलो असतो, साहेब, एकदा परत बघतो. एक तास लागला असता. पण त्या दिवशी रंगीत तालीम होती, आणि मेकअपवाला माझ्यासाठी थांबला होता.

मी म्हटलं, “कालच्यासारखंच.”

गौरीजेवणाच्या दिवशी पुरण शिजत असताना शेगडीतला निखारा खाली पडला आणि सरूबाई त्याच्यावर उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या, कारण त्यांना कळलंच नाही. वास आला तो सुनेला. त्या संध्याकाळी मी शालू नेसून टाळ्या घेत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना इस्पितळात आणलं. तळव्याला खोल जखम झाली होती. थोरल्या डॉक्टरांनी स्वतः टाचणी घेतली आणि टोचत टोचत वर गेले. गुडघ्याखाली बाईंना काहीच कळत नव्हतं. त्यांनी टाचणी बाजूला ठेवली. मग त्यांनी मला विचारलं, घरी जाईपर्यंत नक्की बोटांतच होतं ना? कान पकडून, पाय धरून, काहीही करून सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, “हो साहेब.” त्यांनी सरूबाईंकडे पाहिलं. सरूबाई म्हणाल्या, “रोज बघत होते हो. बराबर बघत होते.”

आणि थोरल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांवर विश्वास ठेवला. इतका विश्वास, की त्यांनी स्वतःचा तर्क सोडून दिला. दोन-चार दिवसांत बोटांपासून गुडघ्यापर्यंत? मग हे हळूहळू मरणं नव्हेच. कुठेतरी पाठीच्या कण्याशी नवी गाठ दाबत असणार, नेहमीचीच गोष्ट, मुंबईवाले बरोबर होते. त्यांनी निबंध वाचला नाही. पुन्हा त्या विषयावर बोललेही नाहीत. ‘जुओ, जुओ’ मी त्यानंतर फार क्वचित ऐकलं. मला मात्र ते म्हणाले, गुप्ते, तुमच्या चोख कामामुळे मी चुकीचं बोलता बोलता वाचलो. आणि मी स्वतंत्र दवाखाना काढला तेव्हा उद्घाटनाला ते स्वतः आले, आपले जुने रोगी माझ्याकडे पाठवले. त्यांच्या जिवावर मी उभा राहिलो. त्यांचे उपकार मी कधी विसरलो नाही — हे म्हणताना मला कसं वाटतं, ते तुम्हीच समजून घ्या.

पुढे माझ्याच दवाखान्यात बधिर पायांचा एक सुतार आला. थोरल्या डॉक्टरांचा तर्क आठवून मी त्याला कसून तपासायला पाठवलं, आणि गाठ सापडली, वेळेवर सापडली. तो जगला. त्याची बायको पेढे घेऊन आली. थोरले डॉक्टर तेव्हा हयात होते, निजामपुऱ्याकडे मुलाच्या घरी असत. सायकलवर टांग टाकली असती तर त्यांच्या पायाशी जाऊन म्हणता आलं असतं, साहेब, तुमचं बरोबर होतं, मी खोटं बोललो होतो. गेलो नाही. ते गेले ते स्वतःला चुकीचं समजूनच गेले.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच कबुली. मलाही बरीच वर्षं तसं वाटत होतं. पण एक उरलं आहे.

सरूबाईंची जखम चिघळत गेली. गाठही पुन्हा आली होती. दिवाळी झाली आणि त्या गेल्या. नेमक्या कशाने, यावर वाद घालता येईल. मी घालणार नाही. जायच्या काही दिवस आधी मी पट्टी बदलत होतो. त्यांनी माझा हात धरला. आवाज अगदी बारीक झाला होता.

“डॉक्टर, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. नोकरी जाईल याची फिकीर नाही केली. श्रावणातच मला कळलं होतं, पाय गेले म्हणून. तुम्ही बघायचं टाळत होतात ते का, ते काय मला समजत नव्हतं? बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं, आणि मग मला गौरीला घरी कोणी सोडलं असतं? सुनेच्या हाताला धरून मी गौरी घरात आणल्या. पोटच्या पोरानं नसतं केलं एवढं.”

जमादार दाराशी उभे होते. त्यांनी मला हात जोडले.

सरूबाईंच्या रजेचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मला माडीवर पोचायची घाई होती, बाकी काही नाही. ‘मावशी, मी तुमच्यासाठी नव्हतो बोललो,’ एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ते खरं होतं, आणि ऐकायला त्या अजून होत्या.

मी पट्टीची गाठ मारली आणि म्हटलं, “आता पडा जरा, मावशी.”