अखजीच्या आधीचं पाणी

आमच्या अंगणातली भट्टी पऱ्हाटीवर चालते. कापूस वेचून झाला की उपटलेली पऱ्हाटी लोक शेतातच जाळून टाकतात. आम्ही ती घरी आणतो. माती गावच्या नाल्याची, फुटकं मडकं कुटून पुन्हा मातीत, आणि गिऱ्हाइकाला माल द्यायचा तो कुटारात, म्हणजे भुशात, बसवून. एवढाच माझा कारभार. आता वर्ध्याहूनही लोक माठ न्यायला येतात, तरी आमच्या आंजी गावात अजून म्हणतात, शेतकऱ्याच्या सुनेला हे कुठलं खूळ लागलं! लागलं खरं, आणि ते काही सुटत नाही.

पऱ्हाटीच्या एखाद्या बोंडात कापूस राहून गेलेला असतो. भट्टी पेटवायला ढीग हलवला की तो सुटतो, आणि भर चैत्रात अंगणभर पांढरं काहीतरी तरंगत राहतं. त्या वर्षी सासरे निंबाखाली बाजेवर पडून ते बघत असायचे. आदल्या वर्षापर्यंत भट्टीत पऱ्हाटी तेच सारायचे. आता डॉक्टरांनी, घरी न्या आणि मागतील ते द्या, असं सांगितलं होतं. ते मागत होते फक्त नव्या माठाचं पाणी.

माठ तयार होता. पण आमच्याकडे नवा माठ अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आधी पितरांसाठी भरतात. तोवर त्यातलं पाणी कोणी पीत नाही.

"अखजीले पेजा ना पोटभर," सासूबाई म्हणायच्या.

"काऊन वं, पितर तहानेनं मरून राह्यले काय?" सासरे विचारायचे.

त्या हसायच्या नाहीत. मला मात्र हसू यायचं आणि लगेच संतापही. जगाला माठ विकते मी, आणि घरच्या माणसाला त्यातला घोट मिळू नये? जुन्या माठाचं पाणी ते ओठाला लावून परत करायचे. दुपार चढली की अर्धवट झोपेत बोलायचे, भट्टीत कुठल्या बाजूला जाळ कमी आहे ते सांगायचे. भट्टी थंड असायची. मी "हो मामाजी" म्हणायचे.

एकदा चुलीपाशी मी सासूबाईंना गाठलंच. "आई, देऊन टाका ना त्याइले. पितर काही रागावत नाई."

त्या पोळी लाटत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज देलं तं अखजीची वाट कोन पायीन?"

माझा राग तिथंच निवला. पितरांचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंना आपल्या नवऱ्याला कशासाठी तरी थांबवून धरायचं होतं, आणि त्यांच्या हाती तेवढा एक माठ होता. त्यानंतर मीही म्हणू लागले, "अखजीले पेजा, मामाजी." ते मान हलवायचे.

मग एका दुपारी मी ओसरीत माती मळत बसले होते. नवा माठ पहिल्यांदा भिजला की येतो तो वास आला. तो मला इतका आवडतो की मी डोळे मिटून नुसती बसून राहिले. मग भानावर आले. निंबाखाली माठ भरलेला होता, बाहेरून पाझरू लागला होता. सासूबाई सासऱ्यांचं डोकं मांडीवर घेऊन गडव्यानं पाणी पाजत होत्या.

"घ्या, पोटभर घ्या."

"गोड हाय," ते म्हणाले.

ज्यासाठी मी भांडले होते तेच समोर चाललं होतं. आणि मला धावत जाऊन तो गडवा त्यांच्या हातून हिसकावून घ्यावासा वाटला. अखजीला अजून अवकाश होता.