‘एकांत’खालची आत्या

दिवाळीआधी घर आवरतात, तसा मी दरवर्षी माझा जुना ब्लॉग आवरते. बंद पडलेल्या लिंक काढते, लाज वाटेल असं लिखाण पुसून टाकते. आज ‘एकांत’ नावाची कविता पुसायला घेतली, तर खाली आत्याची कमेंट दिसली. तिथं लिहिलेलं फक्त मलाच दिसतं, असं तिला वाटायचं.

“पोळ्या मऊ व्हायला लागल्या का गं?”

त्यावर कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं, “माझ्या तर पापडासारख्या होतात.”

“कणीक सैलसर भिजव रे बाळा, आणि थोडा वेळ झाकून ठेव.”

माझ्या एकांतात दोघं पोळ्यांवर गप्पा मारत बसलेले.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. कविता खरंच टाकाऊ आहे. पण ती पुसली, तर आत्या बोलणार कुठे?