पाय मधोमध असलेलं बाकडं

आमच्या घरातली एकूण एक खुर्ची मी केलेली आहे, आणि लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासूबाईंसमोर मी बसते लादीवर. वरोरच्या आमच्या घरात सून सासूच्या बरोबरीने बसत नाही. तशी मनाई कुणी केलेली नाही, पण बसून बघावं म्हणजे कळतं. माझे वडील वाणगावला सुतार. त्यांच्याकडून हात बसला, आणि आता माझ्या खुर्च्या-बाकड्यांना मुंबईच्या प्रदर्शनात लोक ‘सामाजिक भाष्य’ वगैरे म्हणतात. तिथे मी समतेवर तासभर बोलायचं आणि घरी येऊन लादीवर टेकायचं. माझी मलाच लाज वाटायची.

म्हणून जुन्या होडीच्या फळीचं एक बाकडं केलं. एकही खिळा नाही, लाकडात लाकूड अडकवलेलं, आणि पाय फक्त मधोमध. दोघं एकदम दोन टोकांना बसले तर सरळ राहतं. एकटं कुणी बसलं की आपटलंच म्हणून समजा. प्रदर्शनाला न्यायच्या आधी ते अंगणात ठेवलं होतं.

सासूबाई डहाणूच्या बाजारात मासे विकून आल्या, गुडघे धरलेले. मी थांबा म्हणेपर्यंत टेकल्या आणि घसरून थेट वाळत घातलेल्या जवळ्याच्या सुकटीत.

“असलं कसलं गं बाकडं? मुंबईचे लोक उभ्यानेच बघतात वाटतं?”

मी खुर्ची आणून दिली, ती त्यांनी बाजूला सारली. बाई हट्टाला पेटल्या. दुसऱ्या टोकाला मिठाचं पोतं ठेवलं, तर त्याच वर उचलल्या गेल्या. रिकामी पाटी ठेवली, ती उडाली. शेजारच्या काकांना बसवलं, ते तंबाखू थुंकायला उठले आणि सासूबाई पुन्हा जवळ्यात. मला हसू आवरेना, आणि त्यांचे गुडघे बघून वाईटही वाटत होतं.

शेवटी, गिऱ्हाइकासमोर सुरमई जोखतात तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत जोखलं.

“तुझं-माझं वजन सारखंच दिसतंय. बस.”

“तुमच्या बरोबरीने?”

“मग काय, परत पडू मी?”

एकमेकींकडे बघत आम्ही एकदम टेकलो. बाकडं सरळ राहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा खांदा माझ्या खांद्याच्या रेषेत होता.

सासरे दारात येऊन बघतच राहिले. सासूबाई त्यांना म्हणाल्या, “चहा तुम्हीच टाका. आम्हाला दोघींना उठता येत नाही.”

साखर कुठे असते ते त्यांनी आतून तीनदा विचारलं. आम्ही काही जागच्या हललो नाही.