फ्लेक्सला घातलेला हार

माझ्या दुकानाच्या भिंतीवर भरपूर फोटो आहेत. नवरानवरी आहेत, बारशाची बाळं आहेत, निवृत्त होणारे हेडमास्तर आहेत. मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो मात्र तिथे नाही. तो आतल्या कपाटात असतो. का, असं कोणी विचारलं तर आजवर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली आहे.

सावर्ड्याजवळच्या गावातून मी रत्नागिरीत आलो तो अठ्ठ्याण्णव साली, एक वापरलेला कॅमेरा घेऊन. पाठीशी कोणी नव्हतं, त्यामुळे तोंड चालवावं लागलं. गाळ्याच्या मालकाशी भाव केला, फिल्मवाल्याशी केला, नवरदेवाच्या मामाशी तर अक्षता पडायच्या आधी मांडवात केला. लोक मला चिवट म्हणत, काही जण तापट म्हणत. दोन्ही खरं आहे. पण ठरल्यापेक्षा कमी काम मी कधी दिलं नाही, आणि केलेल्या कामाचं खापर दुसऱ्यावर फोडलं नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण माझ्यावर फोडलं गेलं.

दोन-चार वर्षांत कापडी बॅनर रंगवणारे पेंटर मागे पडले आणि फ्लेक्स आलं. छपाई तेव्हा रत्नागिरीत होत नव्हती. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करायचो, सीडी कोल्हापूरच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचो, आणि उलट्या गाडीने गुंडाळी यायची. माणसाचा चेहरा असलेलं फ्लेक्स चौकात लागायचं ते दोनच प्रसंगी. एक पुढाऱ्याचा वाढदिवस आणि दुसरं कोणी गेलं तर श्रद्धांजली. दोन्हीकडे माणूस सारखाच दिसायचा. छातीपर्यंत, समोर बघणारा, मागे वरून खाली फिका होत गेलेला निळा रंग. खालचा मजकूर वाचला की कळायचं, पेढे मागायचे की गप्प राहायचं.

अशा दिवसांत एका शाळेचे क्रीडाशिक्षक दुकानात आले. त्यांचा भाऊ अमेरिकेत होता. त्याने तिकडच्या शाळेचा एक फोटो पाठवला होता. मैदानाच्या कुंपणावर ओळीने मोठे बॅनर, आणि शेवटच्या वर्षातल्या एकेका खेळाडूचा एकेका बॅनरवर फोटो.

"आपल्या दहावीच्या पोरांचं असं करायचं," सर म्हणाले. "निरोप समारंभाला. इतकी वर्षं शाळेसाठी गुडघे फोडून घेतलंनी, एक दिवस तरी आपलं तोंड मोठं दिसू दे त्यांना."

मला कल्पना इतकी आवडली की भाव करायचं विसरलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

आठवडाभर मी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जात होतो. पोरं पहिल्या दिवशी तेल लावून, भांग पाडून, पावडर थापून आली. कबड्डीतला एक धिप्पाड मुलगा हळूच म्हणाला, "काका, कॉम्प्युटरमध्ये जरा उजळ करता येतं ना?"

"येतं की. पण मग तुझी आई विचारेल, हा कोणाचा?"

मी त्यांना सांगितलं, आधी खेळा. घाम येऊ दे, लाल माती लागू दे, मग बघू. दोन दिवसांत त्यांना कॅमेऱ्याचा विसर पडला आणि मला हवे ते फोटो मिळायला लागले.

त्यांत एक मुलगी होती, खो-खोच्या संघाची कप्तान. मिरकरवाड्यातली. तिचा बाप तांडेल होता, बोटीवरचा मुख्य माणूस. एका वादळात तो गेला. लग्नातल्या एका घोळक्याच्या फोटोतून त्याचा चेहरा उचलून, मोठा करून, मागे निळा रंग टाकून मीच तिच्या आईला दिला होता. आई बंदरावर मासळी विकून घर चालवायची. पोरीला पुण्याला राज्य संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं होतं. निरोप समारंभानंतर चार-पाच दिवसांनी निघायचं होतं. एकुलती एक पोर, नवरा गेलेला. आई कशीबशी तयार झाली होती, तीही सरांनी तीनदा घरी खेपा घातल्यावर.

त्या मुलीचा फोटो मला शेवटच्या दिवशी मिळाला. पळणारी पोर खांबाला वळसा घालत होती आणि हिने मागून झेप घेतली. पाय जमिनीवर नाहीत, केस तोंडावर आलेले, एक डोळा तेवढा दिसतोय, बोटं समोरचीच्या पाठीपासून इंचभर लांब, आणि खाली लाल धूळ. फिल्म धुऊन आली तेव्हा मी तो फोटो घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं तरी उठलो नाही.

अशाच फोटोंची डिझाइनं करून मी शाळेत नेली. सर खूश झाले. मग संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांनी एकेक कागद लांब धरून बघितला.

"यात तोंड कुठे आहे? हा आडवा पडलाय, ही बाई उडत्येय. पाहुण्यांना कळायला नको कोण ते? वाढदिवसाचं करता ना, तसं करा. सरळ. समोर बघणारं."

"साहेब, ते खेळाडू आहेत. खेळताना दिसायला हवेत," मी म्हटलं.

"ते मैदानात दिसतात. फ्लेक्सवर तोंड दिसू दे."

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मी पुष्कळ वाद घातला, आवाजही चढला. पण शेवटी काम शाळेचं आणि मुलांना शब्द दिलेला. मी सगळ्यांना भिंतीशी उभं करून छातीपर्यंतचे फोटो काढले आणि मागे तोच निळा रंग टाकला.

समारंभाच्या दिवशी सकाळी फ्लेक्स मैदानाच्या गडग्याला, कडेच्या चिऱ्याच्या बुटक्या भिंतीला, ओळीने लावली. मुलांनी ती एकदा बघितली आणि खूश झाली. खेळतानाचे फोटो त्यांनी बघितलेच नव्हते. कार्यक्रम असा होता की नाव पुकारायचं, खेळाडूने आपल्या फ्लेक्सपाशी जाऊन उभं राहायचं, अध्यक्षांनी झेंडूचा हार घालून सत्कार करायचा. अध्यक्षांना पुढे लोटे एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीच्या कार्यक्रमाला जायचं होतं. सारखे घड्याळ बघत होते.

कप्तान मुलीचं नाव पुकारलं. ती आली नव्हती. बोटी त्या दिवशी उशिरा लागल्या होत्या आणि आईचा माल संपल्याशिवाय दोघींना निघता येत नव्हतं. आई पहिल्यांदाच शाळेत येणार होती. सरांना हे माहीत होतं. ते म्हणाले, "साहेब, हिचं शेवटी घेऊ."

अध्यक्ष हार हातात घेऊन तिच्या फ्लेक्ससमोर उभे होते. म्हणाले, "शेवटी म्हणजे किती वाजता? सत्कार झाला असं समजा." आणि त्यांनी तो हार फ्लेक्सच्या वरच्या दोरीला अडकवून फोटोवर सोडला.

मंडपातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकाही माणसाने पुढे होऊन तो हार काढला नाही. मी दूर, मुलांच्या मागे कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होतो. हातातला कॅमेरा गळ्यात टाकून धावलो, पण तेवढ्यात फाटकातून त्या दोघी आत आल्या. आई नवी साडी नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून आली होती. तिने पोरीचा चेहरा ओळीत शोधला. सगळ्या ओळीत हार असलेला तो एकच होता.

तिने मुलीचा दंड धरला आणि आल्या पावली फाटकाबाहेर गेली.

मी हार ओढून काढला आणि अध्यक्षांना विचारलं, "जिवंत पोरीच्या फोटोला हार घालतात?"

"फोटो तुम्ही तसा केलात," ते म्हणाले. "श्रद्धांजलीसारखा. असा फोटो समोर ठेवल्यावर कोणाचाही हात जाईल."

तिथून पुढे मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलता बोलता मी सरांकडे वळलो. "सर, तुम्ही सांगा. मी आधी कसे फोटो आणले होते? हे कोणी करायला लावलं?"

सर चपलेने माती उकरत राहिले.

ते मी विसरलेलो नाही. गावभर झालं ते एवढंच, की फोटोवाल्याने घोळ घातला आणि वर अध्यक्षांच्या अंगावर धावून गेला.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले, ते माफी मागायला नाही. म्हणाले, "ती आता पोरीला पाठवत नाही म्हणते. शिबिर गेलं की संपलं हो सगळं. मला दारातही उभं करीत नाही. तुम्ही बोलून बघा."

"मी का?"

"तुम्ही कोणालाही पटवता."

मी त्यांना दुकानातून घालवून दिलं. पण दुपारी झेपेचा फोटो मोठा करून पाकिटात घातला आणि मिरकरवाड्यात गेलो. लिलाव आटपले होते, बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. ती बांगड्यांचे उरलेले वाटे लावून बसली होती.

मी सवयीने म्हटलं, "वहिनी, वाटा कसा दिलात?"

"तुमाला नाय द्यायचा."

"बांगडा नरम पडलाय, म्हणून विचारलं."

"मग ताजा जिथं गावंल तिथं जा." तिने माशी हाकलली. "दादा, माझ्या घरात भिंतीवर एक माणूस हाय. तो तुमीच केलात. तशीच मान, तसाच निळा रंग. दुसरं माणूस तसंच केलात आणि वर त्या मेल्याने हार घातलान. आता मी पोरीला घाटावर, त्या पुण्याला पाठवू?"

तिला अध्यक्षांचं सांगता आलं असतं. सगळं तोंडात तयार होतं. पण ती जे म्हणत होती ते खोटं नव्हतं आणि तिला माझ्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. मी पाकीट उघडून फोटो तिच्यापुढे धरला. तिचे हात खवल्यांनी भरलेले होते, तिने हात मागे घेतले आणि मान पुढे केली.

बराच वेळ बघितलंन. मग म्हणाली, "ही आमची?"

"तुमचीच."

"येवढी वर गेली? पडली असंल मग."

"पडली. उठली. आणि समोरचीला बाद केलंन."

"गुडघे फोडून घरी येत्ये, विचारलं तर सांगत नाय." ती शेजारच्या बाईकडे वळली. "बघ गं, नागडे पाय टाकून कशी उडत्येय. बापाचं अंग हाय. तो पण असाच बोटीवरून धक्क्यावर उडी घ्यायचा, बोट लागायच्या आधी."

शेजारीण म्हणाली, "पाठव गो तिला. हितं राहून काय बांगडे विकणार हाय?"

"तू गप बस." मग मला म्हणाली, "हा फोटो फाडा. टांगला की कोणतरी हार घालतंच."

"फाडणार नाही."

"मग पोर जायची नाय."

"पोर जाईल. फोटो तुम्ही ठेवा, घरी लावा."

"भिंतीवर लावू?" ती एवढं बोलली आणि मला माझी चूक कळली. मी गप्प झालो. भाव करताना गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही, त्या दिवशी जमलं.

शेवटी तीच म्हणाली, "तो शाळेतला मोठा कागद मला आणून द्या. आणि हा फोटो तुमच्याकडं राहू दे. पण टांगायचा नाय. ना दुकानात, ना चौकात. मी हाय तंवर. कबूल असंल तर ती शिबिराला जाईल."

मी आयुष्यात खूप सौदे केले, पण इतका कठीण एकही नाही. कारण दुकानाच्या काचेत तो फोटो लावला असता तर मला काही बोलावंच लागलं नसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं असतं की मला कसे बॅनर करायचे होते.

"कबूल," मी म्हटलं. तिने दोन वाटे एकत्र करून पिशवीत घातले. मी भाव केला नाही.

मुलगी पुण्याला गेली. गडग्यावरून फ्लेक्स उतरवून मी आईला नेऊन दिलं. काही दिवसांनी तिच्या मासळीच्या पाटीवर उन्हासाठी टाकलेला एक निळा तुकडा दिसला, नुसता निळा. चेहऱ्याच्या भागाचं तिने काय केलं ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेने काम कोल्हापूरच्या माणसाला दिलं. बॅनरवर मुलं धावत होती, उड्या मारत होती. अध्यक्षांनी भाषणात नव्या कल्पनेचं कौतुक केलं म्हणे. मी बघायला गेलो नाही. सर रस्त्यात भेटले की हात वर करायचे, मी रस्ता ओलांडायचो.

काही वर्षांनी ती मुलगी दुकानात आली. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागली होती, कसल्याशा अर्जासाठी फोटो हवे होते. आरशात केस सारखे करता करता तिने सगळ्या भिंती बघून घेतल्या.

"काका, माझा तो कुठाय?"

मी कपाटातून काढून दिला. तिने पहिल्यांदाच बघितला. हसली, मग हसायची थांबली.

"लावा की आता."

"आईला विचार."

"विचारलं येताना. म्हणाली, दादाला सांग, मी अजून हाय." तिने फोटो परत पाकिटात घातला, पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्टुलावर ताठ बसली.

मी दिवे लावले. "मागे कुठला रंग घालू?"

"पांढरा," ती म्हणाली. "निळा सोडून कुठलापण."