मास्तरांनी शिकवलेला ‘ह’

कर्जतच्या नाट्यस्पर्धेत, भरल्या सभागृहासमोर, मी आईला ‘हाई’ म्हणालो. तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं, पण वाक्य पुरं केलं. ‘‘हाई, मी हालो गं.’’

मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘मंग हाल की रं, कोन नाय म्हनतंय?’’

आमच्या कडाव गावात ‘ह’ म्हणजे चैनीची वस्तू. आमी, तुमी, सगळं त्याच्यावाचून भागायचं. नाटक बसवणारे मास्तर शाळेत शिकवायचे, आणि भात झोडणारी माणसंही नाटक करतात हे तालुक्याला दाखवायचा त्यांना ध्यास. त्यासाठी दोन महिने त्यांनी आमच्या तोंडात ‘ह’ कोंबला. बाकीच्यांनी तो जागच्या जागी ठेवला. मी दिसेल तिथं पेरला.

त्यात मास्तरांचं आणखी एक धाडस. बाईचं काम बाईनंच करायचं. कुणी आपली बायको पाठवेना, म्हणून माझी गेली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि ती झाली माझी आई. हे नाटक पडलं तर पुन्हा नाटकाचं नाव काढणार नाही, असं मास्तर गावात बोलून बसले होते.

पहिला अंक हशात वाहून गेला. मध्यंतरात मास्तर आत आले. मी टॉवेलाआड तोंड लपवलं. ते म्हणाले, ‘‘लोक तुला हसले, त्याचं काही नाही. पण नाटक कुणी ऐकतच नव्हतं. दुसरा अंक घरी बोलता तसा बोला.’’

‘‘सगळा?’’

‘‘सगळा. मेलो तर आपल्या बोलीत मरू.’’

पडदा वर गेला. बायकोनं मला न्याहाळलं. ‘‘जेवलास का रं? नाय ना? तोंडावरनंच दिसतंय.’’ सभागृह गप्प झालं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला.

नंबर आला नाही. पण कशेळ्याच्या आणि खालापूरच्या मंडळींनी तिथल्या तिथं प्रयोग मागितले. पुढं वीसेक वर्षं मास्तरांनी आमच्या बोलीतच नाटकं बसवली.

त्या दिवशी मात्र, आम्ही रंग पुसत असताना, ते दारात घुटमळत उभे राहिले. ‘‘वहिनी, पुढच्या नाटकाला याल ना? नाहीतर परत कुणाच्यातरी मिशा काढून त्याला लुगडं नेसवावं लागेल.’’

तिच्या वतीनं मी हो म्हणणार, तोच ती म्हणाली, ‘‘येईन. पन मला यांच्या बायकोचं काम द्या. आई बनून यांचं कवतिक करायचं मंजे लई सोंग आनावं लागतं, मास्तर.’’