आधी टिक, मग डिंक

विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तिला सगळे डिंकताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठ वळली की डिंकताई. तिला ते ठाऊक होतं, पण राग यायलासुद्धा अंगात त्राण लागतं. एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसून एखादी बाई चिठ्ठ्या चिकटवत असेल, तर लोक तिला दुसरं म्हणणार तरी काय?

कायदा म्हणजे एकदा छापला आणि संपला अशी वस्तू नव्हे. आज हे कलम बदललं, उद्या ते. दर वेळी नवं जाडजूड पुस्तक कोण घेणार? म्हणून प्रकाशक दर महिन्याला दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांचं एक पाकीट पाठवतो. चिठ्ठी कापायची, पुस्तकात त्या कलमापाशी जायचं आणि चिकटवायची, तीसुद्धा फक्त डाव्या कडेने. जुना मजकूर झाकला गेला पाहिजे, पण चिठ्ठी उचलून वाचताही आला पाहिजे. कारण एखाद्याचं भांडण जुन्या तारखेचं असलं, तर त्याला जुनाच कायदा लागतो. एका सहकाऱ्याने एकदा अख्ख्या चिठ्ठीला डिंक फासला होता, तेव्हा ताई त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती.

चिठ्ठी चिकटवून झाली की नोंदवहीत तिच्यापुढे टिक करायची, असा नियम होता. पण नियम करणाऱ्याने जन्मात कधी डिंकाच्या बाटलीत बोट घातलं असेल तर शपथ! चिकट हातांनी पेन धरून बघा. पेन सुटत नाही, वहीचं पान बोटाबरोबर वर येतं. म्हणून ताईने पहिल्याच वर्षी आपली रीत पाडली. सकाळी कोरड्या हातांनी सगळ्या चिठ्ठ्यांपुढे टिका करून मोकळं व्हायचं आणि मग दिवसभर चिकटवत बसायचं. आधी टिक, मग डिंक. एकतीस वर्षांत एकही चिठ्ठी राहिली नव्हती, मग बिघडलं कुणाचं?

महिनाअखेरीला ग्रंथालयाचं एक पानाचं वार्तापत्र निघायचं, तेही तिच्याच गळ्यात. नवी पुस्तकं कोणती आली, वाचनकक्ष किती वाजता बंद होतो, झेरॉक्सचं मशीन कोणत्या मजल्यावर हलवलं, दर शनिवारी बाहेरच्या लोकांनाही इथे बसून वाचता येतं, असं सगळं त्यात असे. शेवटची ओळ ठरलेली होती, 'ग्रंथालयातील सर्व कायदे या महिन्यापर्यंत अद्ययावत आहेत.' ते पान वाचत कोण होतं म्हणा! विद्यार्थी त्याच्यावर चहाचे कप ठेवायचे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारा माणूस एकच होता, तो म्हणजे लिफ्टवाले काका.

काकांनी एका मोठ्या कचेरीत बावीस वर्षं लिफ्ट चालवली होती. लिफ्टला नवी बटणं बसली आणि काकांना दोन ओळींचं पत्र देऊन घरी बसवलं. त्याविरुद्ध ते एकटेच भांडत होते, वकिलाशिवाय. खालच्या कोर्टात हरले. "बावीस वर्षं लोकांना वर नेलं, आता स्वतः एकदा वरच्या कोर्टात जाऊन येतो," असं म्हणून स्वतःच हसायचे. दर शनिवारी यायचे आणि मोत्यासारख्या अक्षरात कलमंच्या कलमं वहीत उतरवून न्यायचे. ताई पुस्तक द्यायची, पान उघडून द्यायची आणि तोंडाला कुलूप लावायची. 'येथे कायदेविषयक सल्ला दिला जाणार नाही' अशी पाटीच होती भिंतीवर. पुस्तक द्यायचं, अर्थ सांगायचा नाही. काकांनाही ते माहीत होतं. ते कधी विचारत नसत.

तर एका महिन्याला पाकिटात बेचाळीस चिठ्ठ्या आल्या. ताईने सकाळी बेचाळीस टिका केल्या आणि डिंकाची बाटली उघडली. एकतिसावी चिठ्ठी चिकटवत होती आणि दादाचा फोन आला.

"आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलंय म्हणतायत. तू निघ."

उरलेल्या अकरा चिठ्ठ्या तिने पाकिटात कोंबल्या, पाकीट खणात टाकलं आणि निघाली. पुढचा महिना कसा गेला, हे तिला विचाराल तर तिला धड सांगता येणार नाही. सकाळी दवाखान्यात वहिनी, दुपारी दादा, संध्याकाळी ती. मधल्या वेळात ग्रंथालय. जिन्याच्या पायऱ्या चढताना तिला कितव्या मजल्यावर आहोत तेच कळेनासं व्हायचं. आई विव्हळायची, मग रागवायची, मग लहान मुलासारखी हात धरून ठेवायची. महिना संपला तेव्हा ताईने वार्तापत्र लिहायला घेतलं, नोंदवही उघडली. बेचाळीसच्या बेचाळीस टिका जागच्या जागी होत्या. तिने ठरलेली ओळ लिहिली आणि पान छपाईला दिलं.

दोन-अडीच महिन्यांनी एका शनिवारी काका आले ते वहीशिवाय. चेहरा उतरलेला. नेहमीच्या खुर्चीत न बसता वाचनकक्षातल्या टेबलापाशीच उभे राहिले.

"ताई, अपील परत केलं त्यांनी. मुदत साठ दिवसांची होती म्हणे. मी पंचाहत्तराव्या दिवशी गेलो."

"अरे देवा! मग इतके दिवस थांबलात कशाला?"

"वहीत नव्वद लिहिलंय ना मी. म्हटलं अजून वेळ आहे, कागद नीट जमवू." काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "ते पुस्तक एकदा बघू द्या. माझंच चुकलं असणार. मुलगी म्हणते, बाबा, तुम्हाला आता नीट दिसत नाही, कागदपत्रं माझ्याकडे द्या. साठाचे नव्वद वाचले बघा मी. जन्म मजल्यांचे आकडे वाचण्यात गेला आणि आकडाच चुकला."

ताई पुस्तक आणायला आत गेली. कपाटांच्या मधल्या बोळात उभी राहून तिने पान उघडलं. नव्वद. चिठ्ठी नाही, डिंकाचा डाग नाही, काही नाही. छापलेलं लख्ख नव्वद.

आतल्या बाजूने ती आपल्या चिठ्ठ्यांच्या टेबलापाशी गेली, खण ओढला. पाकीट तसंच होतं. आत अकरा चिठ्ठ्या. चौथीच चिठ्ठी, 'नव्वद दिवस या शब्दांऐवजी साठ दिवस असे वाचावे.'

आता खरं सांगायचं तर खरंच सांगू या. माणूस मुळात वाईट नसतो, पण दमलेल्या माणसाला सोपी वाट फार चटकन दिसते. हे टेबल कपाटाआड होतं. काकांना ती दिसत नव्हती. ती काही ठरवून वागली असं नाही, पण तिने बाटली उघडली आणि चिठ्ठीच्या डाव्या कडेला डिंक लावला. एका मिनिटाचं काम होतं. चिठ्ठी बसली असती, नोंदवहीत टिक होतीच, वार्तापत्रात ओळ होतीच. काका पुस्तक बघून म्हणाले असते, खरंच की, साठच आहे. वर तिचीच माफी मागितली असती, तुम्हाला उगाच त्रास दिला म्हणून. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आई अजून वॉकरशिवाय उभी राहत नव्हती.

बाहेर काका दारावरच्या शिपायाशी बोलत होते. "आता वर्तमानपत्रसुद्धा मोठ्याने मुलीकडूनच वाचून घेतो. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही हो." शिपाई म्हणाला, "वयच झालं काका," आणि काका म्हणाले, "हो, वयच झालं."

ताईने ती चिठ्ठी साडीच्या पदराला पुसली. डिंक पदराला लागला, बोटांना लागला, थोडा चिठ्ठीवर राहिला. मग एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी घेऊन ती बाहेर आली.

"काका, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. पुस्तकात नव्वदच आहे. ही चिठ्ठी लावायची राहिली. माझ्याकडून राहिली."

काकांनी आधी पुस्तक पाहिलं, मग चिठ्ठी. "म्हणजे मी बरोबर उतरवलं होतं?"

"अगदी बरोबर."

क्षणभर त्यांचा चेहरा चक्क उजळला. मग हळूहळू सगळा अर्थ त्यांच्या डोक्यात उतरला. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेलं वार्तापत्र काढून टेबलावर ठेवलं.

"इथे तर लिहिलंय, सर्व कायदे अद्ययावत."

"तेही मीच लिहिलंय."

"बावीस वर्षं!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले की वाचनकक्षातल्या सगळ्या माना वळल्या. "बावीस वर्षं माझी लिफ्ट कधी मजल्याच्या वर-खाली थांबली नाही हो, ताई! वीतभर नाही. माणसाचा पाय अडकतो!"

शिपायाने खुर्ची पुढे केली, पण दोघंही उभीच राहिली.

एक वाट होती. उशीर माफ करावा असा अर्ज वरच्या कोर्टात करता येतो, पण उशिराचं कारण पटायला हवं. ग्रंथालयातल्या पुस्तकात जुनी मुदत होती, हे कुणीतरी सहीनिशी लिहून द्यायला हवं होतं. सोमवारी ताई ग्रंथपालसाहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं.

साहेब माणूस वाईट नव्हते, तेही आपले थकलेलेच. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुस्तकात राहिलं तर राहिलं, नोंदवहीत तर टिक आहे ना? त्याने कुठे वाचलं, काय वाचलं, कोण सिद्ध करणार? तुम्ही लिहून दिलंत की टिका खोट्या ठरतात. म्हणजे एकतीस वर्षांच्या सगळ्याच टिकांवर प्रश्न. दीड वर्ष राहिलंय तुमचं, गप्प बसा."

"बसले असते, साहेब. पण मग त्यांचा उशीर कोण माफ करणार?"

साहेबांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. "माझ्या नावाने काही लिहू नका. तुमच्या नावाने लिहा," म्हणाले. तेवढंच.

तिने लिहिलं. अकरा चिठ्ठ्या राहिल्या, टिका आधी केल्या होत्या, वार्तापत्रातली ओळ न तपासता लिहिली. खाली सही केली. लिहून झाल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. उजवा खांदा दुखत होता तो दुखतच राहिला.

पुढे जे व्हायचं ते झालं. तिला खुलासा विचारला, शिक्षेचं पत्र तिच्या फाइलला लागलं, चिठ्ठ्यांचं काम काढून घेतलं आणि तिला पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसवलं. ज्या सहकाऱ्याशी ती एके काळी आठवडाभर बोलली नव्हती, तोच आता चिठ्ठ्या चिकटवू लागला. काका तीन शनिवार आले आणि तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या शनिवारी म्हणाले, "आई कशी आहे तुमची?" ती म्हणाली, "चालते थोडी." मग पहिल्यासारखं पुस्तक मागितलं. आता मात्र प्रत्येक पान ते बोटाने चाचपून बघायचे, कुठे काही राहिलंय का म्हणून. ताई ते बघायची आणि मान खाली घालायची.

वरच्या कोर्टाने उशीर माफ केला. अपील दाखल झालं, पुढे तारखा पडू लागल्या. निदान काकांचं म्हणणं ऐकलं तरी जाणार होतं.

ताईच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना निकालांचा नवा खंड आला. तिनेच तो शिक्का मारून, क्रमांक घालून कपाटात ठेवला. आत काय आहे, बघितलं नाही. आठवड्याभरात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तो खंड घेऊन खिडकीशी आली.

"ताई, हा घरी न्यायचाय. सरांनी उशीर माफीवरचा एक निकाल वाचायला सांगितलाय. तुम्ही वाचलात का? आपल्यासारख्याच एका ग्रंथालयातली गोष्ट आहे."

"नाही बाई."

"ऐका ना." मुलीने तिथेच पान उघडलं आणि वाचू लागली. "'सदर कर्मचाऱ्याने चूक निदर्शनास येताच क्षणाचाही विलंब न लावता ती मान्य केली. तिच्या मनात चूक लपवण्याचा विचारही आला नाही, हे तिच्या निवेदनावरून स्पष्ट दिसते.' कसली ग्रेट बाई असेल ना? सर म्हणाले, अशी माणसं आता राहिली नाहीत."

ताईने खंड स्वतःकडे वळवला आणि त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. छापलेलं होतं. उद्या कुणीतरी हा निकाल आपल्या अर्जात उतरवणार होतं, परवा आणखी कुणी.

"आला होता विचार," ती म्हणाली.

"काय?"

"लपवायचा. चिठ्ठीला डिंक लावून झाला होता तिचा."

मुलगी हसली. "तुम्हाला काय माहीत?"

"मीच ती."

मुलीचं हसू गेलं. तिने ताईकडे पाहिलं, मग पानाकडे, मग पुन्हा ताईकडे.

"पण हे यात नाहीये."

"नाही," ताई म्हणाली. "कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही."