डाव्या हाताची चिठ्ठी

मी शाळेत बाई आहे आणि चर्चमध्येही बाईच आहे. लातूरच्या आमच्या छोट्याशा मंडळीत दर बुधवारी महिला मंडळ भरतं आणि तिथं बायबलमधला धडा शिकवायचं काम गेली वीस वर्षं माझ्याकडेच आहे. माझा हातखंडा धडा एकच : भिऊ नका, चिंता करू नका. तो मी असा रंगवून सांगते की ऐकणाऱ्या बायांना वाटावं, या बाईच्या घरात सिंह शिरला तरी ही त्याला आधी बसायला पाट देईल.

आता खरं सांगते. मी पालीला भिते. गॅस बंद केला का ते बघायला चौकातून परत येते. नवऱ्यानं दोनदा फोन उचलला नाही की मी मनातल्या मनात त्याला माती देऊन मोकळी होते, आणि तिसऱ्यांदा त्यानं उचलला की वर त्याच्यावरच डाफरते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ना, ते माझ्याकडं बघूनच म्हणत असावेत.

तर अशा या शूर बाईच्या डाव्या छातीत, अंघोळ करताना, एक दिवस गाठ लागली. भिजवलेल्या हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती बसून होती.

मी काय केलं? काही नाही. तीन आठवडे काही म्हणजे काही केलं नाही. सकाळी चाचपायची, वाटायचं कमी झाली. संध्याकाळी चाचपायची, वाटायचं वाढली. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मंडळीत तर सांगायची सोयच नव्हती. आमच्याकडे एखादीनं साध्या खोकल्यासाठी प्रार्थना करा म्हटलं, की संध्याकाळपर्यंत मुरुडला तिला टीबी झालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी कंधारहून माझ्या भावजयीचा फोन येतो की त्या बाईला नेमकं कुठं ठेवलंय. आणि मेलं त्याहून मोठं कारण वेगळंच होतं. भिऊ नका शिकवणारी बाई स्वतः भ्यालीय, हे कळलं तर माझी काय अब्रू राहिली असती? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण प्रार्थना तर हवी होती. जीव नुसता टांगणीला लागला होता. रात्री देवापुढं गुडघे टेकले की तोंडातून शब्द फुटत नसे. वाटायचं, माझ्यासाठी दुसऱ्या कुणीतरी बोलावं.

आमच्या महिला मंडळात विनंतीचा डबा असतो. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. ज्याला नाव सांगायचं नाही त्यानं चिठ्ठी टाकावी, पाळकबाई, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, ती मोठ्यानं वाचतात आणि सगळ्या मिळून प्रार्थना करतात. अडचण एकच होती. माझं अक्षर अख्खी मंडळी ओळखते. चर्चच्या फळ्यावर दर रविवारी वचन लिहिते ती मीच. म्हणून मी चिठ्ठी डाव्या हातानं लिहिली : एका बहिणीच्या छातीत गाठ आहे. ती फार घाबरली आहे. दवाखान्यात जायची तिला हिंमत होत नाही. अक्षर इतकं वाकडंतिकडं आलं की मला माझाच अभिमान वाटला.

बुधवारी पाळकबाईंनी ती सगळ्यांना दिसेल अशी धरून, अक्षरं लावत लावत वाचली. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेत एक डोळा किलकिला ठेवायची विद्या मला लहानपणापासून येते, तेव्हा मी बघितलं. बघते तर काय, तेरा बायांचे तेरा डोळे उघडे आणि सगळे एकाच दिशेला लागलेले. आक्काकडं.

आक्का म्हणजे आमच्या मंडळीतली सत्तरी ओलांडलेली विधवा. तीस वर्षं दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होती. निवृत्त झाल्यावर तिला अक्षरं शिकायची हौस आली, आणि तिला शिकवलं कुणी, तर मीच. सबंध मंडळीत असं वाकडंतिकडं अक्षर एकट्या आक्काचंच. अगं बाई! हे माझ्या टाळक्यात आधी कसं आलं नाही?

आता आक्का म्हणेल, ही चिठ्ठी माझी न्हाई, म्हणून मी श्वास रोखून बसले. पण आक्कानं एकदा सगळ्यांकडं बघितलं, मग शेवटी माझ्याकडं बघितलं, आणि मान खाली घालून चक्क आमेन म्हणाली.

झालं! दुसऱ्या दिवसापासून आक्काच्या दारात रीघ लागली. एकीनं मेथीचे लाडू आणले, दुसरीनं आंबील आणली, तिसरीनं कुठल्याशा सभेतून प्रार्थना करून आणलेलं खोबरेल तेल आणलं. एकीची सून तर रोज शहाळं पोचवायला लागली. आक्का सगळं घेत होती. एवढंच नाही, लाडवात डिंक कमी पडला असंही सांगत होती. आणि इकडं खरी पेशंट शाळेत पोरांची हजेरी घेत होती.

शनिवारी पाळकबाईंनी ठरवलं की सगळ्यांनी आक्काच्या घरी जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. आणि मुख्य प्रार्थना कुणी करायची? बाईंनी! मी आक्काच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला आणि सुरू झाले. हे देवबापा, या बहिणीला भ्या वाटतंय. तिला रात्र रात्र झोप नाही. तिला धीर दे, प्रभू, ती फार एकटी पडलीय. एवढं म्हटलं आणि मला जे रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना. माझं बघून बायापण मुसमुसायला लागल्या. काय माया बाईंची आक्कावर, असं कुणीतरी मागं कुजबुजलं. तेवढ्यात आक्कानं पदराआडून माझ्या पोटरीला असा चिमटा काढला की मी आमेनच्या ऐवजी आई गं म्हणाले.

सगळ्या गेल्यावर आक्कानं मला कप विसळायला थांबवून घेतलं.

"किती दिवस झाले गं?" ती म्हणाली.

"कशाला?"

"बाई, मला नको शिकवू. तीस वर्षं बायकांच्या वॉर्डात काढलेत म्या. महिना झाला बघून राहिले, तुझा हात सारखा तिथं जाऊन राहिला. कामून दडवायलीस?"

माझ्या हातातला कप मोरीत पडला. मी म्हटलं, "मग तुम्ही त्या दिवशी गप्प का बसलात?"

"म्या न्हाई म्हणले असते, तर ह्या बाया खरी कोण म्हणून घरोघर हुडकीत फिरल्या असत्या. अन् तू भिऊन आणिक दडली असतीस. असू दे. लाडू चांगले व्हते." मग तिनं माझे ओले हात आपल्या लुगड्यानं पुसले. "सोमवारी नांदेडला जायचं. म्या पेशंट, तू सोबतीला. कुणाला काय कळत न्हाई."

नांदेडलाच का, तर लातुरात ज्या दवाखान्यात जावं तिथं आमच्या मंडळीतली एखादी तरी नर्स असतेच. मी आढेवेढे घेतले. शाळेची परीक्षा आहे म्हटलं, पाहुणे येणार आहेत म्हटलं. आक्का म्हणाली, "मग बुधवारी म्या सगळ्यांसमोर सांगते चिठ्ठी कुणाची ते." धर्माच्या कामात अशी धमकी चालते का, ते मला माहीत नाही. पण लागू पडली.

सोमवारी सकाळी लातूरच्या स्टँडवर चौघी आम्हाला पोचवायला आल्या. खिडकीतून हात घालून त्यांनी आक्कासाठी प्रार्थना केली, आणि बाईंना सोबत करायची शक्ती दे असं शेवटी माझ्यासाठीही जोडून दिलं. एसटी हलली. चाकूरला गाडी थांबली तेव्हा आक्कानं खाली उतरून भजी आणली आणि एकटीनं खाल्ली. लोहा गाव येईपर्यंत मी तिला तीनदा म्हटलं की चला, परत जाऊ. ती प्रत्येक वेळी मान हलवून हाव म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

नांदेडच्या त्या दवाखान्यात गर्दी होती. खिडकीवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं, आणि आक्कानं पुढं होऊन स्वतःचं नाव, स्वतःचं वय सांगितलं. मी शेजारीच उभी होते. एक शब्द बोलायचा होता. बोलले नाही. लाज वाटते सांगायला, पण उलट मला बरंच वाटलं. मग नाव पुकारलं, आक्का उठली, आत गेली, आणि दार लागलं. मी बाकावर पर्स छातीशी धरून बसून राहिले. एक म्हातारी माझ्या जागी आत गेली होती आणि मी बसून होते. देवा, इतकी का मी भागूबाई?

अर्ध्या तासानं आक्का बाहेर आली. पदर सारखा करत माझ्याजवळ बसली.

"मला तर काय बी न्हाई म्हणाली डॉक्टरीण."

"तुम्ही खरंच तपासून घेतलंत?"

"मग काय भजी खायला आले व्हते इथवर?" आणि मग जरा थांबून, हळू आवाजात म्हणाली, "तीस वर्षं बाया हाताला धरून आत नेल्या गं म्या. पर सोता एकडाव बी त्या टेबलावर न्हाई चढले. लई भ्या वाटायचं. कुणाला सांगायची बी लाज. आज तुझ्या निमतानं चढले."

दवाखान्यातल्या आयाबाईला दवाखान्याचं भ्या, आणि भिऊ नका शिकवणाऱ्या बाईला सगळ्याचंच. जोडी चांगली जमली होती.

"आक्का, माझा विश्वासच कमी आहे का हो? इतकी वर्षं शिकवते आणि..."

"येडी हायस का? देव भिऊ नको म्हणला ते कुणाला म्हणला? भिणाऱ्यालाच ना? न भिणाऱ्याला कशाला सांगंल तो?"

वीस वर्षं मी तो धडा शिकवला आणि हे एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं, देव भिऊ नको म्हणतो ते रागावून म्हणतो, वर्गात गडबड करणाऱ्या पोरांवर मी ओरडते तसं. तो जवळ बसून, हात पुसत पण म्हणत असेल, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्या बाकावरच डोळे मिटले, दोन्ही, आणि फक्त म्हटलं, प्रभू, मला भ्या वाटतंय. महिनाभरात तेवढी एकच प्रार्थना माझ्या स्वतःच्या नावानं निघाली.

मग उठले आणि खिडकीवर जाऊन माझं नाव सांगितलं. वय सांगताना सवयीनं दोन वर्षं कमी केली, आणि परत जाऊन खरं सांगून आले.

डॉक्टरीणबाईंनी गाठीतला तुकडा तपासणीला काढून घेतला. शुक्रवारी रिपोर्ट येणार होता. मधे बुधवार आला. मी डब्यात चिठ्ठी टाकली, उजव्या हातानं, फळ्यावर लिहिते तशा अक्षरात, खाली नाव घालून : ती बहीण मीच. मला अजून भ्या वाटतंय.

पाळकबाईंनी वाचली, थांबल्या, पुन्हा वाचली. मी मान खाली घालून बसले होते. वाटलं, आता इथून उठून जावं. तेवढ्यात लाडूवाल्या बाईंचा आवाज आला, "मग माझे मेथीचे लाडू?"

"ते म्या खाल्ले," आक्का म्हणाली. "प्रार्थना तेवढ्या हिला पोचत्या केल्या."

आधी एक हसली, मग दुसरी, आणि मग सगळ्या हसत, रडत माझ्याभोवती गोळा झाल्या. एकीनं तर रागानं माझ्या पाठीत धपाटा घातला. आणि मग एकेक जण सांगायला लागली. एकीला नवऱ्याच्या दारूचं भ्या. एकीला पोरीच्या सासरचं. आणि पाळकबाई, ज्या आम्हाला इतकी वर्षं धीर देत आल्या, त्या म्हणाल्या की अंधारात त्या एकट्या मोरीपर्यंत जात नाहीत. त्या दिवशी माझा धडा राहूनच गेला. कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

शुक्रवारी रिपोर्ट आला. चांगला नव्हता. पण वेळेत आलात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी चार महिने दडवली असती तर वेगळं बोलावं लागलं असतं. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी लातूरहून एक क्रूझर जीप भरून महिला मंडळ नांदेडला आलं. लाडू, आंबील, शहाळी सगळं घेऊन. दारावरच्या वॉचमननं अडवलं, पेशंटबरोबर एकच नातेवाईक. लाडूवाल्या बाई म्हणाल्या, आम्ही सगळ्या हिच्या बहिणी. तो म्हणाला, इतक्या? त्या म्हणाल्या, मग, आमच्या बापाचं घर लई मोठंय. त्यानं कपाळाला हात लावला आणि सोडलं.

आम्ही त्याच रांगेतल्या बाकांवर बसलो. माझा नवरा टोकाला, पांढराफटक पडलेला. त्याला धीर देता देता माझा थोडा वेळ गेला. मग दार उघडलं आणि नर्सनं माझं नाव पुकारलं.

आक्का सोडून बाकांवरच्या तेराच्या तेरा जणी उठून उभ्या राहिल्या.

नर्स बघतच राहिली. "यातलं पेशंट कोण?"

"बसा गं," आक्का म्हणाली. "तिची ती जाती आता."

भ्या होतंच. मी पर्स आक्काच्या मांडीवर ठेवली, म्हटलं, "पेशंट मी," आणि आत गेले.